मुंबई ते न्यूअर्क : आईच्या दोऱ्याने मोजलेलं अंतर

धाकट्या बहिणीला डॉक्टरांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याची तारीख दिली होती. बाळंतपणाला आईने जायचं हे ठरलेलंच होतं. पण आई अडुसष्ट वर्षांची, बारा वर्षांपासून मधुमेह आणि गेली चार वर्षं रोज रात्री नऊला इन्सुलिन. विमानात बसली होती ती एकदाच, पुणे ते दिल्ली. म्हणून पोहोचवायला मी जायचं ठरलं. धाकटी एडिसनला राहते, न्यू जर्सीत. तिला न्यूअर्कचा विमानतळ जवळचा, म्हणून मुंबई ते न्यूअर्क थेट विमान घेतलं. कुठे मध्ये उतरून आईला घेऊन दुसरं विमान गाठायचं, हे मला नको होतं.

तिकीट आलं. २२ नोव्हेंबर २०२५, मुंबईहून पहाटे १.२५ ला सुटणार आणि त्याच दिवशी सकाळी ७.५५ ला न्यूअर्कला पोहोचणार. शेजारच्या काकूंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, साडेसहा तासांत अमेरिका? आमचा मुलगा तर दीड दिवस लागतो म्हणतो."

आईने काही न बोलता कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि पेन घेतलं. तिने सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२° ३०' पूर्व रेखावृत्ताची. न्यूयॉर्क-न्यू जर्सीची ७५° पश्चिम रेखावृत्ताची. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून बेरीज करायची : १५७° ३०'. अंशाला चार मिनिटं, म्हणजे ६३० मिनिटं, म्हणजे साडेदहा तास. ते तिकिटावरच्या साडेसहात मिळवले की सतरा. "सतरा तास गं," ती काकूंना म्हणाली, "दोन्हीकडची घड्याळं आपापल्या गावची आहेत."

मग तिने पेन खाली ठेवलं नाही. "तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात ना? ते कधी मागे घेतात ते बघ." मी बघितलं. २०२५ साली २ नोव्हेंबरला. म्हणजे आमच्या प्रवासाला साडेदहा तासच बरोबर. हेच तिकीट ऑक्टोबरचं असतं तर फरक साडेनऊ तासांचा निघाला असता आणि आमचं सगळं गणित एका तासाने चुकलं असतं. ज्यांना औषधं घड्याळावर घ्यावी लागतात त्यांनी ही तारीख जरूर बघावी.

आता मला हवं होतं ते अंतर. मी फोनवर काढलं : मुंबई ते न्यूअर्क सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. आईचा त्या 'सरळ' शब्दावर विश्वास बसेना. तिने माळ्यावरून शाळेतला पृथ्वीगोल काढायला लावला. निवृत्तीच्या वेळी मुलांनी दिलेला, ३० सेंटिमीटर व्यासाचा. हिंदी महासागरावर एक पोचा आहे. देवघरातून फुलं ओवायचा दोरा आणला, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं आणि दुसरं न्यूयॉर्कच्या दिशेने ताणलं. मला वाटत होतं दोरा अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को असा जाईल, कारण भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क रेघ मारली की ती तशीच जाते. दोरा ताणला तसा तो आपोआप वर सरकला. सिंधवरून अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, मग फिनलंडचा दक्षिण किनारा, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडच्या अगदी खालच्या टोकाला चाटून कॅनडा आणि तिथून खाली न्यू जर्सी. आई म्हणाली, "हे बृहद्वृत्त, गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता. मुलांना किती वेळा सांगितलंय, सपाट नकाशा वरच्या बाजूला खोटं बोलतो."

दोरा पट्टीवर ठेवला. साडेएकोणतीस सेंटिमीटर. गोलाचा परीघ चौऱ्याण्णव सेंटिमीटर आणि काही मिलिमीटर, पृथ्वीचा चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे सेंटिमीटरला जवळजवळ सव्वाचारशे किलोमीटर. गुणाकार केला तर उत्तर आलं साडेबारा हजार. फोनमधलं आणि दोऱ्यातलं उत्तर जुळलं तेव्हा आईचा चेहरा बघायला हवा होता.

पण माझा प्रश्न तिथे संपत नव्हता. विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास जातं. साडेबारा हजाराला नऊशेने भागलं तर चौदा तास येतात. मग हे सतरा का?

याची कारणं मला तीन सापडली. पहिलं म्हणजे दोरा ज्या देशांवरून गेला त्या सगळ्यांवरून विमान जाऊच शकत नव्हतं. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली होती, म्हणजे दोऱ्याचा पहिलाच तुकडा गेला. युक्रेनचं आकाश २०२२ च्या फेब्रुवारीपासून बंद. त्यामुळे विमान आधी अरबी समुद्र ओलांडून पश्चिमेला जाणार आणि मग वर वळणार. दोरा ओमान आणि तुर्कस्तानवरून वळवून पुन्हा मोजला तर तेरा हजार किलोमीटर आले. दिल्लीहून उडणाऱ्यांना हा वळसा आणखी महागात पडत होता, कारण त्यांना आधी खाली समुद्राकडे यावं लागत होतं.

दुसरं कारण वारा. त्या अक्षांशांत दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि उत्तर अटलांटिकवर तो ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. अमेरिकेला जाताना हा वारा समोरून लागतो. विमानाचा हवेतला वेग तोच राहतो, पण जमिनीवरून मोजलेला वेग घसरतो. वैमानिक या पट्ट्यांना बगल देत जातात, त्यासाठी कधी मुद्दाम लांबचा रस्ताही घेतात.

आणि तिसरं साधंच : तिकिटावरची वेळ दरवाजा बंद होण्यापासून समोरच्या दरवाजाला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा जमिनीवरून चालणं, यातच अर्धा-पाऊण तास जातो.

हे सगळं कळल्यावर मी आईच्या डॉक्टरांकडे गेले, कागद घेऊन. डॉक्टर म्हणाले की बहुतेक लोक फक्त "अमेरिकेला चाललोय, काय करू?" असं विचारतात. तास माहीत असले की सांगायला सोपं जातं. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, आमचा साडेदहा तासांनी लांबणार होता. त्यांनी एकच गोष्ट पक्की करायला लावली, आईच्या हातातलं घड्याळ घरी पोहोचेपर्यंत बदलायचं नाही. इन्सुलिन २१ च्या रात्री नऊला नेहमीप्रमाणे, तेव्हा आम्ही मुंबई विमानतळावर असणार. पुढचं २२ च्या रात्री नऊला, पण भारताच्या नऊला, म्हणजे न्यू जर्सीच्या सकाळी साडेदहाला. तिथून हळूहळू तिकडच्या रात्रीवर कसं आणायचं ते त्यांनी वेगळ्या कागदावर तारीखवार लिहून दिलं. हा कागद आईपुरता होता. कुणी माझं वाचून आपल्या औषधाच्या वेळा ठरवू नयेत, आपल्या डॉक्टरांना तास सांगून त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं.

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवायचं. खाली सामानात गेलं तर गोठून निकामी होऊ शकतं. सुया, पेन, ग्लुकोमीटर, औषधांची चिठ्ठी, सगळं एका पारदर्शक डब्यात आणि डबा माझ्या मांडीवर.

निघायच्या दोन दिवस आधी मावसभावाचा फोन आला, गाडी सांगून ठेवलीय, २२ च्या संध्याकाळी साडेचारला दारात येईल. माझ्या छातीत धस्स झालं. २२ तारखेचं पहाटे १.२५ चं विमान म्हणजे २१ च्या संध्याकाळी घर सोडायचं! तो म्हणाल्याप्रमाणे गेलो असतो तर विमानतळावर पोहोचेपर्यंत विमान जाऊन एकोणीस तास झाले असते. त्याची काही चूक नव्हती, मी त्याला फक्त तारीख कळवली होती. मध्यरात्रीनंतरचं विमान असलं की मी आता तारखेबरोबर वारही सांगते : शुक्रवारी संध्याकाळी घरून निघायचं, शनिवार लागल्यावर विमान.

शुक्रवारी साडेचारला पुण्याहून निघालो. अमावास्या आदल्या दिवशी दुपारीच संपली होती, त्यामुळे आईचं मन स्वस्थ होतं. खंडाळ्याच्या घाटात रेंगाळलो, तरी साडेआठला टर्मिनल दोनवर होतो. ठीक नऊला एका बाकावर बसून आईने इन्सुलिन घेतलं, मग डब्यातली पोळी आणि मेथीची भाजी खाल्ली. सुरक्षा तपासणीत डबा उघडायला लावला, चिठ्ठी बघितली आणि जा म्हणाले.

विमान होतं बोइंग ७७७-३००ईआर. त्याच्या टाक्यांत १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघताना विमान इतकं जड असतं की पहिल्यांदा ते फार उंच जातच नाही. इंधन जळून वजन कमी होईल तसतसं टप्प्याटप्प्याने वर चढतं. वैमानिक चार असतात, दोघे चालवतात तेव्हा दोघे झोपतात. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं. तिला तीच काळजी होती, सतरा तास एकच माणूस जागा कसा राहणार.

सुटायला काही मिनिटं उशीर झाला, पण फार नाही. दोनच्या सुमारास हवेत होतो. समोरच्या पडद्यावर नकाशा लावून दिला आणि आई त्यात हरवली. मस्कतच्या बाजूने आखात, मग इराक, तुर्कस्तान. जमिनीवरचा वेग कधी ताशी ८४०, कधी ७९०. बाहेर अंधार. साडेतीनला जेवण आलं. मी आधीच मधुमेहींचं जेवण सांगून ठेवलं होतं. पण पहाटे साडेतीनला कुणाला भूक लागते? आईने दोन घास भात आणि थोडी डाळ खाल्ली, बाकीचं तसंच ठेवलं. दिवे मंद झाले आणि सगळे झोपले. आम्हीही.

मला जाग आली ती आईच्या हाताने. ती मला उठवत नव्हती, तिचा हात माझ्या दंडाला लागला होता आणि तो ओला होता. कपाळावर घाम, विमानात थंडी असूनही. "बरं वाटत नाहीय का?" विचारलं तर "काही नाही, जरा हात थरथरतायत" म्हणाली. डोक्यावरचा छोटा दिवा लावला, बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला. साखर ६६ वर उतरली होती. मी घाबरले, पण काय करायचं ते डॉक्टरांनी समजावलेलं होतं. पिशवीत ग्लुकोजची पूड होती. तीन चमचे पाण्यात कालवून प्यायला दिली आणि घड्याळ लावून बसले. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं. ९४. मग दोन बिस्किटं आणि धाकटीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवातला अर्धा.

तिच्या हातातल्या घड्याळात दुपारचा पावणेदोन वाजला होता. घरी असती तर एव्हाना चहा-पोहे होऊन जेवण उरकलं असतं. इथे साडेतीनला दोन घास, आणि त्यानंतर दहा तास काही नाही. विमानात जेवण उडाल्यावर लगेच देतात आणि न्याहारी उतरायच्या दोन तास आधी. मधला भला मोठा पट्टा रिकामा असतो. अंतर, वारा, रेखावृत्तं, सगळं मी मोजलं होतं, पण दोन जेवणांमध्ये किती तास जाणार हे मोजलं नव्हतं. ती माझी चूक. आईबरोबर मी नसते तर तिने हवाईसुंदरीला उठवायला संकोच केला असता आणि गप्प बसून राहिली असती, हे मला आजही आठवतं. मधुमेही माणसाला एवढ्या लांब पाठवणाऱ्यांनी हातपिशवीत दर चार तासांचं खाणं वेगळ्या पुड्यांत, पुडीवर वेळ लिहून द्यावं. आईला आता मी तसंच देते.

बरं वाटल्यावर ती पडद्याकडे वळली. विमानाचं चित्र ग्रीनलँडच्या खालच्या टोकाजवळ होतं. "दोरा इथेच टेकला होता," ती म्हणाली. मग खिडकीची झडप वर करून बघितलं. काळोख.

"उजाडलं कसं नाही अजून?"

दुपारचे दोन वाजत आले होते तिच्या घड्याळात. मलाही क्षणभर कळेना. मग तिनेच सांगायला सुरुवात केली, हळू आवाजात, वर्गात सांगावं तसं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर तासाला जवळजवळ १,६७० किलोमीटर वेगाने, पण वर जावं तसा वेग कमी होतो, साठ अंशांवर बरोबर निम्मा. म्हणजे ८३५. आपण साठ अंशांच्या आसपास आहोत आणि पडद्यावरचा वेग ८२०. पृथ्वी आपल्याला सूर्याकडे नेतेय आणि आपण जवळजवळ तेवढ्याच वेगाने मागे पळतोय. "सूर्य आपल्याला गाठणार कसा?" तिने तीस वर्षं हे फळ्यावर काढलं होतं, आणि आता ती त्यात बसली होती. तिचा हात माझ्या हातात होता, कोरडा आणि गरम.

मुंबईत शुक्रवारी सहाच्या सुमारास सूर्य मावळला होता. तो पुन्हा दिसला उतरायच्या जेमतेम पाऊण तास आधी, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याच्या आसपास, पाठीमागून, पंखाच्या टोकावर. आमची ती रात्र तेवीस तासांहून थोडी जास्त झाली. आईने सीटवर बसूनच हात जोडले.

न्यूअर्कला चाकं टेकली तेव्हा तिथले साडेसात झाले होते. व्हीलचेअर सांगून ठेवली होती. आईला चालता येतं, पण त्या लांबच लांब वाटा आणि पुढची उभं राहायची रांग आठवून मी ती मागितली आणि ते बरं केलं. पासपोर्टच्या रांगेत सव्वा तास गेला. मी सारखी आईच्या घड्याळाकडे बघत होते. पावणेसात, सात, साडेसात. सामान आलं, धाकटीचा नवरा गाडी घेऊन उभा होता. एडिसनला घरी पोहोचलो तेव्हा आईच्या मनगटावर नऊला दहा कमी होते. धाकटीने दार उघडलं, पोटावर हात ठेवून उभी, दोघी रडल्या. आणि त्या रडण्यातच आई म्हणाली, "डबा कुठाय? नऊ वाजतील."

पुण्याच्या दारापासून एडिसनच्या दारापर्यंत अठ्ठावीस तास वीस मिनिटं लागली. त्यातलं प्रत्यक्ष उडणं साधारण सोळा तासांचं. काकूंचा मुलगा दीड दिवस म्हणतो ते मध्ये दुबईला थांबून, पण थेट जाऊनही जवळजवळ सव्वा दिवस लागतो, हे त्यांना सांगायचं राहून गेलंय.

इन्सुलिन घेऊन झाल्यावर आईने घड्याळाचे काटे फिरवले. शरीराचे काटे फिरायला दहा-बारा दिवस लागले. रात्री दोनला टक्क जागी, दुपारी तीनला डोळे मिटायचे. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारची पूजा तिने पहाटे चारलाच मांडली. तो गुरुवार म्हणजे २७ नोव्हेंबर, त्यांच्याकडे थँक्सगिव्हिंगची सुट्टी, सगळं सामसूम. बाळ आलं तेव्हा मात्र या जागरणाचा उपयोग झाला. रात्रीच्या पाळ्या आजीने घेतल्या.

मी १३ डिसेंबरला परत निघाले, एकटी. न्यूअर्कहून सकाळी साडेअकरा, मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२.४०. तिकिटावर बघितलं तर पंचवीस तास, पण साडेदहा वजा केले की साडेचौदाच. जाताना जो वारा छातीवर होता तो येताना पाठीवर. अटलांटिकवर पडद्यावर ताशी १,०९० किलोमीटर दिसले. तेच दोन विमानतळ, जवळजवळ तेवढंच अंतर, आणि अडीच तासांचा फरक. या वेळी सूर्य अटलांटिकवरच मावळला, जेवणाचा ट्रे अजून उचललाही नव्हता. मी फोटो काढून उतरल्यावर आईला पाठवला. तिचं उत्तर आलं : "आता उलट. त्याच्या विरुद्ध दिशेने पळालीस."

आई एप्रिलमध्ये येणार आहे. माझी चुलतबहीण त्याच सुमारास परतते, तिच्याबरोबर. येताना दिवस साडेनऊ तासांनी लहान होणार, कारण ८ मार्चला तिकडची घड्याळं पुन्हा पुढे जातील. दिवस लहान झाला की इन्सुलिनच्या दोन वेळा जवळ येतात, आणि ते जाण्यापेक्षा जास्त जपून करावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले होते. आईने परतीचा कागद स्वतःच आखून पाठवलाय, भारताची वेळ डावीकडे, तिकडची उजवीकडे, मध्ये खाण्याच्या पुड्यांचा तिसरा रकाना. डॉक्टरांनी तो तपासायला वेळ दिलीय, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, व्हिडिओ कॉलवर. एडिसनला सकाळी साडेआठ, पुण्यात संध्याकाळी सात.